मोठ्यानं म्हटलेलं आमीन

कासम परकार कोकणातून घाटावरच्या कसब्यात राहायला आले, ते आपली शाफई पंथाची रीत घेऊनच. नमाजात ते ‘आमीन’ मोठ्यानं म्हणत. कसब्यातले बाकी सगळे हनफी पंथाचे, मनातल्या मनात म्हणणारे. एवढ्यावरून मशिदीचा कारभार पाहणारे मुतवल्ली हाजी दिलावर बागवान यांनी त्यांना मशीद बंद केली, आणि परकार वारले तेव्हा कबरस्तानालाही कुलूप घातलं.

“त्याची नमाजच कधी झाली नाही. अशाला इथं जागा नाही,” हाजींनी परकारांच्या अंगणात येऊन सांगितलं.

परकारांची मुलगी हमीदा दारात आली. रडून तिचा आवाज बसला होता.

“हाजीचाचा, हजला गेलात तेव्हा काबाशरीफसमोर कुणाच्या मागं नमाज पढलात?”

“तिथल्या इमामांच्या. आणखी कुणाच्या?”

“तिथं आमीन कसं म्हणतात?”

उत्तर हमीदानंच दिलं.

“मोठ्यानं म्हणतात. म्हणजे तुमच्याही तिथल्या नमाजा झाल्या नाहीत. आजपासून हाजी म्हणवून घेणं सोडा, नाहीतर चावी द्या.”

हाजींनी खिशातली चावी काढून ओट्यावर ठेवली. तेव्हा कुठं हाजींसोबत आलेल्या मशिदीच्या मौलानांना कंठ फुटला. “बेटी, दोन्ही रीती बरोबर आहेत. मोठमोठ्या इमामांचे मतभेद होते, पण ते एकमेकांचा मान राखून होते.”

“हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?”

“होतं, बेटी.”

“अब्बा नऊ वर्षं पडवीत एकटे नमाज पढले, मौलानासाहेब,” हमीदा म्हणाली. “शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून आमीनसुद्धा हळूच म्हणायचे.”