आडवं जाणारं मांजर

एका बाजारपेठेच्या गावी एकदा एक गुळाचा व्यापारी राहत होता, आणि जगात त्याला सर्वांत जास्त चीड कशाची असेल, तर ती उशिराची. सौदे सुरू होण्याआधी आपण पेठेत हजर असलं पाहिजे, ही त्याची प्रतिज्ञा होती. त्याच्या घरातल्या काळ्या मांजरानं मात्र नेमकी उलट प्रतिज्ञा केलेली असावी.

मांजराचं नाव काजळी. व्यापाऱ्याच्या पत्नीनं तिला मूठभर पिल्लू असल्यापासून वाढवलं होतं. रोज सकाळी व्यापारी चपला घालून अंगणात उतरला, की ही बया असेल तिथून धावत यायची आणि बरोबर त्याच्या समोरून आडवी जायची. मांजर आडवं गेलं की पुढं पाऊल टाकायचं नाही. मागं फिरायचं, क्षणभर टेकायचं, पाणी प्यायचं आणि मगच निघायचं, हा वाडवडिलांपासूनचा रिवाज. तो मोडावा आणि गुळाचा भाव पडावा, एवढी छाती व्यापाऱ्याची नव्हती. तो दातओठ खात मागं फिरे.

"गेलं बघ तुझं मांजर आडवं!"

"गेलं काय म्हणता? ती आहे ती," पत्नी पाण्याचा तांब्या पुढं करीत म्हणे.

"ती कसली? मांजर ते मांजर!"

असं म्हणून तो ओसरीवर बसे. तो पाणी पिईपर्यंत पत्नी घरातल्या चार गोष्टी सांगे, तो हूं हूं करी. तेवढ्यात काजळी साळसूदपणे येऊन त्याच्या पायाशी पसरे, आणि त्याचा अंगठा, धन्याची परवानगी न घेता, तिची मान खाजवू लागे. कोणी विचारलं असतं तर व्यापाऱ्यानं हे साफ नाकारलं असतं.

पुढं काजळी म्हातारी झाली आणि एके दुपारी गेली. व्यापारी तेव्हा पेठेत होता. पत्नीनं एकटीनं परसातल्या तगरीखाली खड्डा खणून तिला पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी अंगणात उतरला. समोरून कोणी गेलं नाही. तो मोठ्यानं म्हणाला, "चला, सुटलो! आता आडवं जायला कोणी उरलं नाही."

पत्नी मागं दारात उभी होती. सवयीनं तिच्या हातात तांब्या आलेला होता. तो घेऊन ती तशीच आत वळली, आणि तेव्हापासून तिनं नवऱ्याशी बोलणं टाकलं.

व्यापारी पार वैतागून गेला. आमटी अळणी आहे म्हटलं, तर मिठाचं भांडं पुढ्यात येई, शब्द येत नसे. त्यानं खास हिंडून एक गोरंगोमटं पिल्लू आणलं. तिनं त्याला पोटभर दूध पाजलं आणि ज्याचं त्याला परत नेऊन दिलं. काजळीच्या वाटीत मात्र रोजची साय ठेवलेली असे. मी खोटं काय बोललो, हे त्याला कोणी सांगेना. शेवटी तो गावाबाहेर राहणाऱ्या आपल्या वृद्ध गुरूंकडे गेला. लहानपणी त्यांच्याकडेच तो शिकला होता, आणि काही अडलं की अजूनही त्यांच्याकडेच धाव घेई.

"गुरुजी, घरात मांजर मेलंय की माणूस, तेच कळेनासं झालंय. तिला देहाच्या नश्वरतेवर चार शब्द सांगा. तुमचं ती ऐकेल."

"येतो की," गुरुजी म्हणाले. "पण मुक्कामालाच येईन."

गुरुजी आले. त्यांनी व्यापाऱ्याच्या पत्नीला काजळीच्या खोड्या आणि ती गेल्यानंतरची सगळी हकीगत विचारली, ते ऐकता ऐकता दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि निवांत झोपले. नश्वरतेचं नाव नाही. व्यापारी कूस बदलत राहिला.

सकाळी तो अंगणात उतरतो, तोच गुरुजी काठी टेकीत आले आणि त्याच्या समोरून डावीकडून उजवीकडे गेले.

"मी आडवा गेलो," ते म्हणाले. "मागं फीर."

"गुरुजी, तुम्ही काय मांजर आहात?" व्यापाऱ्यानं कसनुसं हसून विचारलं, आणि त्यांना वळसा घालून तो पेठेत गेला.

दुसऱ्या दिवशी तो परसदारानं निघाला. तगरीपाशी गुरुजी उभेच होते. पुन्हा आडवे गेले. तिसऱ्या दिवशी तर त्यांनी असा सावकाश रस्ता अडवला, की तेवढ्यात पेठेतली सौद्याची घंटा ऐकू आली. व्यापाऱ्याचा तोल सुटला.

"बोलावलं होतं तिला समजवायला आणि छळताय मला! घ्या, फिरलो मागं! झालं समाधान?"

त्यानं चपला भिरकावल्या आणि ओसरीवर जाऊन धपकन बसला. बसल्या बसल्या त्याचा हात आपोआप पाण्यासाठी पुढं झाला. पायाचा अंगठा हलू लागला. खाली काहीच नव्हतं, तरी हलत राहिला. व्यापारी त्या अंगठ्याकडे पाहत राहिला.

आतून तांब्या घेऊन पत्नी आली होती. तिनंही तो अंगठा पाहिला. तिनं तांब्या त्याच्या हातात दिला.

गुरुजी पायरीवर टेकले. "अरे, देह नश्वर आहे हे मी तिला काय सांगू? तिनं स्वतःच्या हातांनी माती लोटली आहे. सांगायचं आहे ते तुला. उठल्यापासून तू मनानं पेठेत असतोस. या घरात तू खरोखर बसायचास ते एवढंच, पाणी पिईपर्यंत, आणि तेही त्या जिवानं वाट अडवली म्हणून. ती गेली त्या दिवशी हिची काजळी गेली, आणि तुझं ते बसणंही गेलं. आणि तू अंगणात उभा राहून काय म्हणालास? सुटलो!"

व्यापारी मान खाली घालून बसला. पाणी पिऊन होईपर्यंत तो उठला नाही. त्या दिवशी गुरुजी आपल्या काठीसह परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी चपला घालून अंगणात उतरला. समोरून कोणी आडवं गेलं नाही. तो थोडा वेळ तिथंच उभा राहिला. पेठेची घंटा झाली. मग तो मागं फिरला, त्यानं चपला काढल्या, ओसरीवर बसला आणि आत हाक मारली,

"अगं, पाणी आण. काजळी आडवी गेली."

आत तांब्या वाजला. मग बऱ्याच दिवसांनी पत्नी त्याच्याशी बोलली.

"आणते. ती रोजच जाते."