वारा पाहून पेटणारी भट्टी

एका नदीकाठच्या गावात भानजी नावाचा एक ओतारी राहत होता. मोडकी पितळी भांडी वितळवून तो देवळांच्या घंटा ओतायचा. भट्टीचा धूर पांढरा, घसा धरणारा. पण भानजी मोठा समंजस गृहस्थ! त्याने बांबूला एक फडकं बांधलं होतं. ते नदीकडे फडफडू लागलं की मगच तो नारळ फोडून भट्टी पेटवी. त्यामुळे गाव त्याला डोक्यावर घेई, आणि भानजीलाही स्वतःचं कौतुक कमी नव्हतं.

नदीपलीकडे बुरुडांची वाडी होती. एके दिवशी तिथली म्हातारी हौसाबाई आली.

"भानजीदादा, तुमच्या धुरानं नातीची छाती भरलीया. कायतरी करा."

"मावशी, वारा काय माझ्या हातात आहे?"

"हातात न्हाई, पर त्यो बघूनच पेटवताय न्हवं?"

भानजी चिडला. "असेल साधा खोकला," तो म्हणाला.

"मग उद्या भट्टी पेटवा, अन् आमच्याकडं जेवायला या."

आता नाही कसं म्हणणार? दुसऱ्या दिवशी भट्टी भावावर सोपवून तो होडीने पलीकडे गेला. धूर दिसताच वाडीत एकच धांदल उडाली. "भट्टी आली, भट्टी आली!" बायकांनी शेरडं आत ओढली, पाण्याची मडकी झाकली, दारं लावून घेतली. भर दुपारी दिवा लावून भानजी भाकरी खायला बसला. कोपऱ्यात हौसाबाईची चार वर्षांची नात निजली होती. श्वासागणिक तिची बरगडी न् बरगडी वर येत होती. भानजीने हातातली भाकरी खाली ठेवली. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"बारा वर्षं मी समजत होतो, की धूर गावाबाहेर घालवतोय," तो म्हणाला.

"आमी बी गावच हाय, दादा."

भानजीने परत जाऊन भट्टी विझवली आणि अंथरूण उचलून वाडीतच मुक्काम ठोकला. भट्टी पेटेल ती आता आपण वाडीत असतानाच, असं त्याने भावाला बजावलं. आणि काय आश्चर्य! बारा वर्षांत जे सुचलं नव्हतं, ते महिन्याभरात सुचलं. त्याने धुरासाठी लांबलचक चर खणला, वरून फरशांनी झाकला आणि वाटेत पाण्याचे हौद बांधले. धुरातली बरीचशी राख पाण्यातच बसू लागली. चर आणि हौद उपसण्यात दिवस जात, म्हणून घंटा मात्र निम्म्याच होऊ लागल्या.

वाडीची दारं पुन्हा दुपारी उघडी राहू लागली. हौसाबाईची नात अंगणात खेळू लागली, पण चार पावलं धावली की तिला अजूनही खाली बसावं लागे.

तात्पर्य: आपल्या दारातून हाकललेला त्रास दुसऱ्याच्या दारात जाऊन बसतो, तो स्वतः सोसल्याशिवाय माणूस त्यावर मनापासून उपाय शोधत नाही, आणि तोवर कुणाचं तरी नुकसान होऊन गेलेलं असतं.