भिवरेचा पहिला घाव

फार मागची गोष्ट. झाडीपट्टीत, सागाच्या रानाला टेकून, कोसमटोली नावाचं गाव होतं. त्या गावची रीत अशी, की घरातलं माणूस गेलं की रानातलं एक झाड त्याच्या नावाचं करायचं. त्या झाडाला मग कुऱ्हाड लागायची नाही. होता होता सगळं रान मेलेल्यांचं झालं. शेंड्याला शेंडा भिडला, खाली अंधार दाटला. सागाच्या रोपाला सावली सोसत नाही. दर पावसाळ्यात रोपं उगवायची आणि पिवळी पडून मरायची. रान म्हातारं होत चाललं, आणि त्याच्या मागे कुणी नव्हतं.

हे आधी भिवराला दिसलं. तिचा एकुलता एक मुलगा गुणा तापानं गेला होता. त्याच्या झाडाखाली ती रोज बसायची. ती गावाला म्हणाली, फार सावली धरणारी काही झाडं काढू, ऊन आत येऊ देऊ. गाव खवळलं. बजाबा पाटील चारचौघांत म्हणाला, "मेलेल्याले पुन्हा मारतं काय वं, भिवरे?"

सगळ्यांत दाट सावली गुणाच्याच झाडाची होती. भिवरानं कुऱ्हाड उचलली आणि पहिला घाव तिथेच घातला.

असं म्हणतात, झाड पडलं तेव्हा आवाज झालाच नाही. नुसतं ऊन जमिनीवर आलं. पावसाळ्यात तिथे गुडघाभर रोपं उभी राहिली. त्यातल्या सगळ्यांत उंच रोपाला तिनं गुणाचं नाव दिलं.

पण गुणाच्या लाकडाला बाजारात भाव आला, आणि गावाची नजर फिरली. बजाबा माणसं घेऊन आपल्या आज्याच्या झाडाकडे निघाला. रानातलं सगळ्यांत सरळ झाड ते, बियांनी लगडलेलं. भिवरा त्याच्या खोडाला पाठ लावून उभी राहिली.

"पाटील, काल आजा होता, आज लाकूड झाला काय?"

"तूच तं तोडाले शिकवलं."

"सावली तोडाले शिकवलं. माय तोडाले नाई. हे गेलं तं बी कुठून आनसान?"

कुऱ्हाडी वर गेल्या. ती हलली नाही. असं म्हणतात, वारा नसताना झाडानं अंगावरचं सगळं बी झाडलं, आणि माणसं कुऱ्हाडी टाकून पळाली. पुढच्या पावसाळ्यात त्या कुऱ्हाडींचे दांडे कुजले, आणि दांड्यांच्या भोकांतून साग उगवला.

आजही कोसमटोलीत तोडीआधी प्रत्येक जण आपल्या माणसाच्या झाडाखाली उभा राहून खाली बघतो. झाड बियांचं असेल किंवा रोपांवर ऊन असेल, तर कुऱ्हाड खांद्यावरच राहते. नसेल, तर पहिला घाव घरच्यानंच घालायचा, आणि नाव खालच्या रोपाला द्यायचं.

गुणाचं नाव तेव्हापासून किती झाडं फिरलं, कुणाला ठाऊक नाही. त्याचं झाड मात्र गावात कुणीही दाखवतं.