गालिचा उन्हात गेला तेव्हा

फार पूर्वी, घरातल्या वस्तू माणसांच्या नकळत बोलत असत, तेव्हाची ही हकिगत. मृदुलाताई दिवाणखान्यातल्या जुन्या गालिच्यावर गोल्फचा सराव करायच्या. समोर स्टीलचा पेला आडवा ठेवायचा आणि हलक्या फटक्याने चेंडू त्यात घालायचा.

चेंडू मात्र गालिच्यावर वैतागलेला असे. "तुझी लव मला सारखी धरून ठेवते," तो कुरकुरायचा. "तू नसतास तर मी कुठल्या कुठे गेलो असतो!"

एके दिवशी ताईंनी गालिचा गच्चीवर उन्हात घातला आणि गुळगुळीत फरशीवरच सराव केला. फटका नेहमीचाच होता. चेंडू आनंदाने सुटला, पेल्याला चुकवून उघड्या दारातून बाहेर पडला आणि पायऱ्यांवरून उडत गटाराकडे निघाला. आता त्याला थांबायचे होते, पण थांबता येईना. अगदी काठावरच्या चिखलात तो कसाबसा रुतला.

ताईंनी त्याला शोधून आणले, धुतले आणि संध्याकाळी पुन्हा अंथरलेल्या गालिच्यावर ठेवले.

"लागलं नाही ना रे कुठे?" गालिच्याने विचारले.

चेंडूला भरून आले. त्या मऊ लवेत अंग टेकून तो म्हणाला, "दादा, रोज मला किती अलगद थांबवायचास तू!"