झाडून काढलेली राई

फार पूर्वी, एका डोंगरउतारावर एक विद्यापीठ होते. त्याच्या मागे सगळ्यांची मिळून एक राई होती. वर फणस-आवळ्याची झाडे, मध्ये केळी-शेवगा, खाली अळू. आचार्य असो की गावकरी, घटकाभर काम करावे आणि एका जेवणापुरते खुशाल घेऊन जावे, अशी तिथली रीत.

पायथ्याच्या गावात एक बाई राहत असे. तिचे अंगण नेहमी लख्ख. एके दिवशी ती भीतभीत राईत आली.

“मला अक्षरओळख नाही. मी इथं काय करणार?”

वृद्ध आचार्य हसले. “झाडांना तरी कुठे आहे? घ्या हवे ते काम.”

बाई हरखली. पण खाली पाहते तो वीतभर पालापाचोळा! ‘एवढी शिकलेली माणसं, आणि हा केर?’ मग आठवडाभर, कुणी यायच्या आत ती खराट्याने राई झाडी आणि पाला ओढ्यात लोटून देई.

फाल्गुनाचे ऊन तापले. अळू मलूल झाले, फणसाच्या रोपांनी माना टाकल्या. आचार्य आले, गावकरी जमले.

“पाला गेला, म्हणून जमीन सुकली. शेळ्यांनीच फस्त केला!”

घोळक्यातला गावचा शेळीवाला कळवळला. “अहो, शेळ्या आल्या असत्या तर लेंड्या नसत्या का पडल्या?”

“वा रे शहाण्या! उद्यापासून राईत पाऊल टाकायचं नाही.”

“असं नका करू. घरात बाळंतीण आहे. तिची भाजी इथूनच जाते.”

बाई मागच्या मागे सरकली. एक कोपरा तिचा झाडायचा राहिला होता. तिथल्या पाल्याखाली तिने हात घातला. माती गार, ओलसर होती. म्हणजे बाकीची जमीन सुकली ती तिच्याच झाडण्याने! ती गप्प राहिली तर कुणाला कळणार नव्हते. बोलली तर राईचे दार तिलाच बंद होणार होते.

ती पुढे आली. “त्याला बोल लावू नका. पाला मी झाडला. केर समजून.”

“अगंबाई! रानात कुणी झाडू मारतं का?” सगळे हसले.

बाईने मान खाली घातली. “उद्यापासून मी येत नाही.”

“असं कसं?” आचार्य म्हणाले. “काम दिलं पण शिकवलं नाही, ही चूक माझी. तुम्ही बोलला नसतात, तर आम्ही या बिचाऱ्याला हाकलून मोकळे झालो असतो.”

दुसऱ्या दिवशी बाईने गल्लोगल्लीचा पाला गोळा केला. चढावर टोपली जड झाली, तेव्हा शेळीवाल्याने एक बाजू धरली. दोघांनी मिळून रोपांभोवती पाला पसरला. काम झाल्यावर बाईने आपल्या वाटणीची शेवग्याची कोवळी पाने त्याच्या उपरण्यात टाकली.

“बाळंतिणीला द्या.”

“कुणी दिली म्हणून सांगू, मावशी?”

“सांगा, राई झाडणारीनं!” बाई म्हणाली, आणि या वेळी पहिली तीच हसली.

तात्पर्य एवढेच: अजाणता झालेली चूक कष्टाने भरून काढता येते, पण ती दुसऱ्याच्या माथी मारली जाताना जाणूनबुजून गप्प राहणे, हा अन्याय ठरतो.