दहा गजांचा आखूड अंगरखा

“सहा पायल्या चार पायल्यांपेक्षा कमी असतात, हे दसऱ्यापर्यंत सिद्ध कर. नाहीतर तुझा बाप कोठडीतच राहील!” हिरडगडचे राजे उदेभान गरजले. “आणि ऐक, दरबारात माप आणायचं नाही. तराजूही नाही!”

समोर उभी असलेली तुळसा ही राजवाड्यातील शिंपी सखोबा याची मुलगी. दिवाणजींनी यंदा राज्यातील सर्व मापे निम्म्याने लहान केली होती. नावे आणि राजमुद्रा मात्र जुन्याच ठेवल्या होत्या. परिणामी कोठारातील धान्य एका रात्रीत ‘दुप्पट’ झाले, आणि चाकरांना महिन्याला चारऐवजी सहा पायल्या जोंधळा मिळू लागला. महाराज स्वतःच्या औदार्यावर बेहद्द खूश होते. सखोबा तेवढा म्हणाला, “पगार वाढला आणि भाकरी घटली!” हा कृतघ्नपणा महाराजांना सोसला नाही.

“नाव तेच, शिक्का तोच, म्हणजे माप तेच!” त्यांनी तुळसाला बजावले.

“मान्य, महाराज. पण बाबा कोठडीत, तेव्हा दसऱ्याचा अंगरखा मलाच शिवावा लागेल. गेल्या वर्षी आठ गज मखमल लागली होती.”

“यंदा दहा घे! आम्ही हात आखडता घेत नसतो.”

दिवाणजींनी नव्या गजाने स्वतः दहा गज मोजून दिले.

दसऱ्याला भरल्या दरबारात महाराजांनी अंगरखा चढवला. बाह्या कोपरापाशीच थांबल्या. पोटावरचे बंद एकमेकांकडे दुरूनच पाहत राहिले.

“पोरी! माझी मखमल कुठे चोरलीस?”

“सगळी आपल्या अंगावरच आहे. गेल्या वर्षी आठ गज, यंदा दहा. विचारा दिवाणजींना!”

दिवाणजींनी घाम पुसला. “पराक्रमाने महाराजांची छातीच रुंदावली असावी...”

“वर्षभर वैद्यबुवा मला मुगाचं कढण पाजताहेत! छाती रुंदावेल कशाने?”

“मग अंगरखा ढगळच व्हायला हवा,” तुळसा शांतपणे म्हणाली. “नाव तेच, शिक्का तोच, शिवाय दोन गज जास्त! तरी पोट उघडं राहिलं म्हणता? महाराज, बाबांनी असंच म्हटलं तेव्हा आपण त्याला कृतघ्नपणा म्हणालात!”

महाराजांनी बंद जोराने ओढला. तट्! तो तुटून हातात आला. त्यांनी बंदाकडे पाहिले, पोटाकडे पाहिले, मग दिवाणजींकडे पाहिले. आणि ते असे खदखदून हसले, की पाठीवरची शिवणही उसवली.

“सोडा सखोबाला! आणि या पोरीला वीस गज रेशीम द्या!”

“वीस नको, महाराज. बाराच पुरेत,” तुळसा हात जोडून म्हणाली, “पण जुन्या गजाने मोजलेले!”

दिवाणजींची बोटे मनातल्या हिशोबाबरोबर हलली, आणि त्यांचा चेहरा पडला. महाराजांना पुन्हा हसू आवरेना.

“दिवाणजी, माळ्यावरचा जुना गज आणा! येताना जुनी पायलीही घेऊन या. चाकरांना आजपासून तिनेच जोंधळा मोजायचा. आणि सहाच्या पुन्हा चार करू नका हं!”