शोणपूरचा धूर

एका राज्यात धूर वर जात नसे. चूल पेटली की तिचा धूर घरभर लोळे, उंबरा ओलांडून रस्त्यावर येई आणि तिथेच बसून राही. देवापुढच्या उदबत्तीचा धूर खाली, होमाचा धूर खाली, चितेचाही खाली. पोरे जन्मल्यापासून खोकत. वाळत घातलेले धुणे काळे होऊन घरात येई, आणि दिवस उजाडला की नाही हे राजवाड्यातली घंटा वाजली म्हणजे कळे.

हा धूर त्या राज्याचा नव्हता. तो शेजारच्या शोणपुराचा होता. राजा जयकेतूने शोणपूर जाळले, सेना वाजतगाजत परत फिरली आणि धूर तिच्या मागोमाग चालत आला. वेशीतून आत शिरला तो गेलाच नाही.

आता शोणपूर का जाळले, तेही ऐका. त्या नगरीत म्हणे एक अग्निकुंभ होता. झाकण काढताच तीन राज्यांची राख करील असा. तो आपल्यावर उघडण्याआधी आपणच चालून जावे, असे भरसभेत ठरले. सेना गेली, नगर पडले, घरन्‌घर खणून झाले. कुंभ सापडला नाही. सापडली ती चार पितळी घंगाळे आणि लोणच्याच्या बरण्या.

तेव्हापासून राजसभेत एकच वाद रंगे. प्रधान बुद्धिसागर म्हणत, "कुंभ सापडला नाही, याचा अर्थ तो नव्हता असा होत नाही." सेनापती म्हणत, "त्यांनी हलवला असणार." राजपुरोहित म्हणत, "अदृश्य केला असणार." मागच्या रांगेतला एखादा सरदार खोकत खोकत विचारी, "पण मुळात होता कशावरून?" त्यावर सगळे एकदम पाखरांचे नाव घेत. खापर फोडायला कुणाचे तरी डोके लागतेच, आणि पाखरू काही सभेत उठून उभे राहत नाही.

त्या राज्याचा कायदाच तसा होता. तीन पाखरांनी तीन दिशांनी येऊन एकच गोष्ट सांगितल्याशिवाय राजाला युद्ध पुकारता येत नसे. मोठा शहाणा कायदा! पाखरू लाच खात नाही, पाखराला जहागीर नको असते. त्यात आणखी एक खबरदारी घेतलेली होती. पाखरे आली की त्यांना एका चांदीच्या पिंजऱ्यात एकत्र ठेवत आणि साक्षीच्या दिवसापर्यंत राजाखेरीज कुणाला तिकडे फिरकू देत नसत. हेतू एवढाच, की कुणी त्यांना पढवू नये. शोणपुराची साक्ष एका राघूने, एका साळुंकीने आणि एका भारद्वाजाने दिली होती. युद्ध संपले त्या दिवशी तिघेही उडून गेले.

या सगळ्या वादात एक बाई कधीच तोंड उघडत नसे. ती म्हणजे राजाची थोरली बहीण हेमवती. तिचा एकुलता एक मुलगा पुष्कर शोणपुराच्या दक्षिण बुरुजाच्या दाराशी पडला होता. त्याच्या चितेचा धूर अजून नदीकाठी बसून होता. हेमवती रोज तिथे जाई आणि त्या धुरात उभी राही. डोळे चुरचुरत, छाती भरून येई, पण तिला बरे वाटे. पोरगा कारणी लागला, असे ती मनाला सांगे. कुंभ होताच. असलाच पाहिजे. नाहीतर मग काय उरले?

एके दिवशी तिच्या देखत नदीच्या वाळूत तीन तान्ही बाळे पुरली गेली. तिन्ही धुराने गुदमरलेली. आया रडतही नव्हत्या, नुसत्या खोकत होत्या. त्या गेल्या, आणि धुरातच एक म्हातारी बसलेली हेमवतीला दिसली. तिचे अंग काजळाचे होते, आणि बोट लावले तर ते बोटाला पुसून येत होते.

"आपण कोण?" हेमवतीने विचारले.

"मी काजळी. शोणपुराची मांत्रिक. माझ्या नगरीच्या धुराची राखण करते."

"हा धूर कधी जाईल?"

"आग ज्या कारणासाठी लावली, ते कारण तुझ्या घराण्यातल्या कुणी भरसभेत खरे खरे सांगितले की जाईल. अंदाजाने सांगाल तर दुप्पट होईल. तीन पाखरांना गाठ आणि विचार. एकाला एकच प्रश्न."

"आणि माझ्या पुष्करचा धूर?"

"तोही जाईल. धुरात निवडानिवड नसते, बाई."

हेमवतीने वाळूतल्या त्या तीन ढिगांकडे पाहिले, पदर खोचला आणि वेशीबाहेर पडली.

राघू उलट्या वनात राहत होता. त्या वनातली झाडे मुळे वर करून उभी होती आणि फळे मातीत पिकत. राघू एका मुळावर बसला होता. खोटी साक्ष दिल्यापासून त्याच्या गळ्यात गाठ आली होती. किंमत मिळाल्याखेरीज ती सुटत नसे.

"काय हवे?" हेमवतीने विचारले.

"तुझ्या केसांचा काळा रंग."

तिने तो दिला. केस तिथल्या तिथे पांढरे शुभ्र झाले. तिने मागे वळूनही पाहिले नाही.

"कुंभ तू पाहिलास की ऐकलास?"

"ऐकला," राघू म्हणाला. "शोणपुराने हाकलून दिलेला एक राजपुत्र धर्मशाळेत बसून सांगत होता. त्याच्या आजोबांच्या आजोबांनी कुणाकडून तरी ऐकले होते. त्याला परत गादीवर बसायचे होते. मला गोष्ट आवडली. मी ती पिंजऱ्यात जाऊन जशीच्या तशी सांगितली."

साळुंकीचे घर चालत्या डोंगराच्या माथ्यावर होते. हा डोंगर सकाळी पूर्वेकडे निघे आणि संध्याकाळी दमून बसे. तो बसला तेव्हा हेमवती वर चढली. तळपाय सोलून निघाले, गुडघे फुटले.

"तुझी किंमत काय?"

"तुझ्या कानात तुझ्या मुलाचे हसणे आहे," साळुंकी म्हणाली. "ते दे."

इथे हेमवती खाली बसली. पुष्कर हसायचा तो पोट धरून, वाकून, आणि शेवटी त्याला उचकी लागायची. त्या हसण्यावर तिचे दिवस निघत होते. ती म्हणाली, "दुसरे काहीही माग." साळुंकीने मानेनेच नाही म्हटले. डोंगर पुन्हा उठायच्या बेतात आला, खालचे दगड हलू लागले. तेव्हा हेमवतीने डोळे मिटले, ते हसणे शेवटचे एकदा ऐकले आणि देऊन टाकले. त्यानंतर तिला पुष्कर हसताना दिसे, पण त्याला आवाज नसे.

"पाहिलास की ऐकलास?"

"पाहिले. रांजण पाहिले. तळघरात ओळीने मांडलेले, तोंडाला ओले फडके बांधलेले."

"त्यात आग होती?"

"एकच प्रश्न ठरला होता," साळुंकी म्हणाली. पण तिलाही राहवले नाही. "पाणी होते, बाई. गार राहावे म्हणून फडकी बांधतात. मला ठाऊक होते. पण पिंजऱ्यात राघू आगीचे एवढे रंगवून सांगत होता, की मला वाटले, असेलही. त्याने म्हटले, मी री ओढली."

हेमवती डोंगर उतरली तेव्हा तिच्या सारे ध्यानात आले होते. कुणी पढवू नये म्हणून पाखरांना कोंडले, आणि कोंडल्यामुळेच त्यांनी एकमेकांना पढवले. तीन साक्षी म्हणून सभेने मान डोलावली ती एकाच गप्पेवर, आणि ती गप्पही धर्मशाळेतली. पण भारद्वाज उरला होता. तो शहाणा पक्षी, त्याचे दर्शन लोक शुभ मानतात. निदान त्याने तरी काही पाहिले असावे, अशी आशा तिच्या मनात अजून होती. आई होती ती.

भारद्वाज जळक्या शोणपुरात दक्षिण बुरुजावर बसला होता. खाली दाराच्या फळ्या कोळसा होऊन पडल्या होत्या. पुष्कर पडला ती हीच जागा.

"तुझी किंमत?"

"तुझ्याकडून मी काही घेणार नाही," भारद्वाज म्हणाला. "आधीच पुष्कळ घेतले आहे."

"मग सांग. पाहिलास की ऐकलास?"

"यातले काहीच नाही. मी नगरीवरून फिरलो. कुंभ दिसला नाही, कुणी त्याचे नावही काढले नाही. पिंजऱ्यात मी तसे सांगितले तेव्हा दोघे मला हसले. म्हणाले, तुला नीट पाहता येत नाही. मग राजा आला. त्याने मला विचारले, 'कुंभ उत्तर बुरुजात आहे की दक्षिण बुरुजात?' मी म्हणालो, 'उत्तर बुरुजात नाही.' तो तेवढ्यावरच उठला. पुढचे वाक्य माझ्या चोचीतच राहिले. सभेत त्याने सांगितले, कुंभ दक्षिण बुरुजात आहे, भारद्वाजाची साक्ष आहे."

"आणि सभेत तू गप्प बसलास!"

"सभेत पाखराला विचारले तरच बोलता येते. मला कुणी विचारले नाही."

हेमवती त्या कोळशाच्या ढिगाजवळ बसली आणि मोठ्याने रडली. तिचा लेक एका अर्धवट वाक्यासाठी या दारावर धावून आला होता. तिला भावाचा इतका राग आला, की हाताच्या मुठीतला कोळसा पीठ होऊन गळला.

ती परतली तेव्हा जयकेतू वेशीपर्यंत सामोरा आला. तिचे पांढरे केस पाहून तो चरकला. काय कळले आहे, हे त्याने विचारले नाही. तो तिला नदीकाठी घेऊन गेला. तिथे संगमरवराचा उंच स्तंभ उभा होता, आणि त्यावर पुष्करचे नाव सर्वांत वर कोरलेले होते. खाली शेकडो सैनिकांची नावे. माथ्यावर सोन्याची अक्षरे होती: 'यांनी राज्याला अग्निकुंभापासून वाचवले.'

"अक्का," राजा म्हणाला, "उद्या सभेत तुम्ही बोललात तर ही ओळ पुसावी लागेल."

"ठाऊक आहे."

"मग बोलू नका. धुराची सवय होईल लोकांना."

हेमवतीने पुष्करच्या नावावरून बोट फिरवले. दगड गार होता, अक्षर सुबक होते. तिला ते पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. प्रधानांनी सुरुवात केली, "कुंभ सापडला नाही, याचा अर्थ..." आणि हेमवती उठून उभी राहिली.

"कुंभ नव्हता," ती म्हणाली. "राघूने धर्मशाळेतली गप्प ऐकली. साळुंकीने पाण्याचे रांजण पाहिले. भारद्वाजाने काहीच पाहिले नाही, आणि तसे तो सांगू लागला तेव्हा राजा उठून गेला. कुंभ आहे का, असे राजाने कधी विचारलेच नाही. कुठे आहे, एवढेच विचारले."

"पाखरांनी महाराजांना फसवले तर!" बुद्धिसागर घाईघाईने म्हणाले.

"पाखरे चुकली. पण फसलेला माणूस एकदा तरी शंका घेतो, प्रधानजी. आपण सगळे होकार ऐकायला बसलो होतो. मीही याच सभेत बसले होते, आणि टाळ्या वाजवल्या होत्या."

सगळ्यांचे डोळे राजाकडे वळले. जयकेतूने नाकारले असते तरी चालले असते. साक्षीला माणूस नव्हता. पण बहिणीचे केस त्याला बघवत नव्हते.

"मला भीती वाटत होती, अक्का," तो म्हणाला. "कुंभ आहे का असे विचारले असते आणि पाखरू नाही म्हणाले असते, तर मला घरी बसावे लागले असते. आणि पुढे तो निघाला असता तर? लोकांनी मला भित्रा म्हटले असते. म्हणून मी विचारले नाही."

त्याने मुकुट काढून सिंहासनावर ठेवला आणि तो पायऱ्या उतरून खाली उभा राहिला.

तेवढ्यात धूर हलला. आधी सभेतला, मग रस्त्यावरचा, मग शेतांतला. जमिनीवरून उठला आणि सरळ वर गेला. लोक घराबाहेर आले आणि आभाळाकडे तोंड करून उभे राहिले. कित्येक पोरांनी सूर्य पहिल्यांदाच पाहिला, आणि ती घाबरून रडू लागली. नदीकाठचा धूरही उठला. हेमवती धावत पोहोचली तोवर तो झाडांच्या शेंड्यांवर गेला होता, आणि मग दिसेनासा झाला.

पुढे सारे रीतीने झाले. जयकेतू शोणपुराची घरे बांधायला विटा वाहत गेला आणि पुन्हा गादीवर बसला नाही. चांदीचा पिंजरा वितळवला गेला. पाखरांना वेगवेगळ्या झाडांवर ठेवू लागले, आणि काय पाहिले, एवढेच त्यांना विचारू लागले. स्तंभावरची सोन्याची ओळ गवंड्यांनी छिन्नीने काढली.

ते काम चालू होते त्या दिवशी एक बाई तिथे आली. हात रापलेले, लुगडे फाटके. स्तंभावर खालून चौथे नाव तिच्या मुलाचे होते. तिने मोकळ्या आभाळाकडे पाहिले, खरवडलेल्या दगडाकडे पाहिले आणि हेमवतीला म्हणाली, "बाईसाहेब, धूर होता तवर माझं पोरगं राज्य वाचवायला गेलं होतं. आता ते कशापायी गेलं, सांगा."

सभेत सांगायला हेमवतीकडे सगळे होते, इथे सांगायला काहीच नव्हते. ती त्या बाईशेजारी चौथऱ्यावर बसली. बाईने तिला उठ म्हटले नाही आणि तिच्याकडे पाहिलेही नाही. छिन्नीचे घाव पडत राहिले आणि दगडाची पांढरी भुकटी दोघींच्या मांडीवर साचत गेली.